पवईतून खारघरला गेलेले औषध

कार-टी या उपचारातले औषध जिवंत असते. रुग्णाच्या रक्तातून काही पांढऱ्या पेशी काढून घेतात, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांत एक नवा मजकूर घालतात, त्या वाढवून कोट्यवधी करतात आणि पुन्हा त्याच रुग्णाच्या शिरेत सोडतात. शेवटी हातात येते ती एक लहानशी पिशवी. आतला द्रव किंचित गढूळ दिसतो आणि थोड्याच वेळात तो शरीरात जातो. गोळी पोटात गेली की विरघळते आणि तिचा अंश तासागणिक कमी होत जातो. या पेशींचे गणित उलटे आहे. शत्रू सापडला की त्या विभागतात, संख्येने वाढतात आणि काही रुग्णांच्या रक्तात वर्षानुवर्षे टिकून राहतात.

रक्ताच्या काही कर्करोगांत केमोथेरपी हरली, अस्थिमज्जा रोपणही चालले नाही किंवा करताच आले नाही, तर पूर्वी डॉक्टरांपाशी सांगण्यासारखे फार उरत नसे. अशा रुग्णांसाठी हा उपचार अमेरिकेत २०१७ मध्ये आणि भारतीय बनावटीच्या रूपात २०२३ मध्ये मान्य झाला. प्रयोगशाळेतली कल्पना रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचवण्याच्या शास्त्राला इंग्रजीतून आलेले भारदस्त नाव आहे. त्याचा अर्थ समजून घ्यायला मात्र कार-टीइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल, कारण यात कल्पना सुचली तेव्हा कामाचा फार थोडा भाग झाला होता. उरलेला सगळा भाग पेशी वाढवण्याचा, विषाणू माणसाळवण्याचा, ताप सांभाळण्याचा आणि खर्च कमी करण्याचा होता.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे तयार होऊन निघालेल्या पेशी म्हणजे टी-पेशी. त्या शरीरभर गस्त घालतात. प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे एका विशिष्ट रेणूच्या ताटलीत ठेवून पृष्ठभागावर मांडत असते. टी-पेशी येता-जाता ही ताटली तपासते. तुकडा ओळखीचा असला तर पुढे जाते, परका वाटला तर त्या पेशीचा निकाल लावते. विषाणू शिरलेल्या पेशी अशाच पकडल्या जातात. कर्करोगाच्या पेशी मात्र घरच्याच असतात, त्यामुळे त्यांचे तुकडे फारसे परके दिसत नाहीत. शिवाय त्यातल्या कित्येक या ताटल्याच मांडेनाशा होतात. मग गस्त घालणारी टी-पेशी शेजारून निघून जाते आणि गाठ वाढत राहते.

प्रतिपिंडांची तऱ्हा वेगळी. इंग्रजीत ज्यांना अँटिबॉडी म्हणतात त्या या रेणूंना ताटलीची गरज लागत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन ते थेट आकारावरून ओळखतात आणि घट्ट धरतात. पण टी-पेशीसारखी समोरची पेशी फोडण्याची ताकद त्यांच्यात नाही. एकाकडे नजर, दुसऱ्याकडे हात. दोन्ही जोडले तर काय होईल, हा कार-टीच्या मुळाशी असलेला साधा प्रश्न. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत झेलिग एशर आणि गिडिऑन ग्रॉस यांनी १९८९ मध्ये तसा जोडलेला रेणू टी-पेशीवर बसवून दाखवला. जपानमध्येही त्याआधी दोन वर्षे याच दिशेने प्रयोग झाले होते. या जोडरेणूला ‘कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर’ म्हणतात आणि त्याच्या आद्याक्षरांवरून ‘कार’. कायमेरा हा ग्रीक पुराणातला अनेक प्राण्यांचा मिळून झालेला जीव. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर पंजात हत्ती धरलेला शरभ ज्याने पाहिला आहे, त्याला ही कल्पना वेगळी समजवावी लागणार नाही.

हा रेणू पेशीच्या पडद्यातून आरपार गेलेला असतो. बाहेरच्या टोकाला प्रतिपिंडाचा पकडणारा भाग, मध्ये एक लवचीक दांडा, आणि आत टी-पेशीला ‘हल्ला कर’ असा संदेश देणारी शेपटी. पहिल्या पिढीत एवढेच होते आणि ते पुरले नाही. पेशी हल्ला करायच्या, पण लवकरच दमून मरून जायच्या. टी-पेशीला लढायला सांगणे आणि टिकायला सांगणे हे दोन वेगळे हुकूम असतात, हे लक्षात आल्यावर शेपटीत आणखी एक तुकडा घालण्यात आला. न्यूयॉर्कमध्ये मिशेल साडलेन यांच्या गटाने सीडी२८ नावाचा तुकडा वापरला, तर मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डारिओ कंपाना यांच्या गटाने ४-१बीबी. सीडी२८ असलेल्या पेशी जोमाने पेटतात, ४-१बीबी असलेल्या सावकाश चालतात आणि जास्त टिकतात. आज बाजारात असलेले सगळे कार-टी या दुसऱ्या पिढीचे आहेत.

नजर कशावर ठेवायची, हे ठरवणे तितकेच नाजूक होते. कर्करोगाच्या पेशीवर असेल पण निरोगी पेशीवर अजिबात नसेल असे प्रथिन जवळपास सापडतच नाही. तडजोड सीडी१९ या प्रथिनावर झाली. ते बी-पेशींवर असते. बी-पेशी म्हणजे पुढे परिपक्व होऊन प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया आणि प्रौढांमधले बरेचसे लिम्फोमा याच वंशातले. सीडी१९ वर सोडलेल्या टी-पेशी रोगट बी-पेशींबरोबर चांगल्या बी-पेशीही संपवतात. पण माणूस बी-पेशींवाचून जगू शकतो. संसर्ग वाढतात, गरज पडली तर इतरांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे शिरेतून द्यावी लागतात, तरी जगतो. हृदयाच्या किंवा यकृताच्या पेशींवर असलेल्या प्रथिनाबाबत अशी तडजोड करता आली नसती.

फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या गटाने २०१० मध्ये दीर्घकालीन ल्युकेमियाच्या तीन रुग्णांना अशा पेशी दिल्या. दोघांचा रोग पूर्णपणे नाहीसा झाला. त्या दोघांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही कार असलेल्या पेशी फिरत होत्या, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. जून यांची पार्श्वभूमी इथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय सेवेत असताना ते एचआयव्हीवर काम करत. टी-पेशी शरीराबाहेर मोठ्या संख्येने कशा वाढवायच्या, ही युक्ती त्यांनी आणि ब्रूस लेव्हिन यांनी त्या काळात बसवली. पुढे कर्करोगासाठी तीच उपयोगी पडली.

एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला कार-टी पेशी देण्यात आल्या. ल्युकेमिया दोनदा उलटलेला होता. पेशी दिल्यानंतर काही दिवसांत तिला प्रचंड ताप चढला, रक्तदाब कोसळला, श्वासासाठी यंत्र लावावे लागले. टी-पेशी एकाच वेळी पेटल्या की सायटोकाइन नावाची संदेशरसायने रक्तात ओततात आणि सगळे शरीरच दाहात सापडते. तिच्या रक्तात यातले एक, इंटरल्युकिन-६, अफाट वाढल्याचे तपासणीत दिसले. त्याला अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध संधिवातासाठी वापरले जात होते. जून यांना ते माहीत होते, कारण त्यांच्या मुलीला बालसंधिवात होता. औषध दिल्यावर काही तासांत प्रकृती सुधारू लागली आणि सातव्या वाढदिवसाला एमिली शुद्धीवर आली. कर्करोग परतला नाही. ती मुलगी त्या आठवड्यात गेली असती तर हे संपूर्ण संशोधन तिथेच थांबले असते, असे त्या गटातल्या शास्त्रज्ञांनी पुढे अनेकदा म्हटले आहे. एका संशोधकाच्या घरातले आजारपण आणि संधिवाताचे एक औषध यांच्या योगायोगावर वैद्यकाचा एवढा मोठा प्रवाह उभा आहे, ही गोष्ट शास्त्राच्या नीटनेटक्या इतिहासात फारशी बसत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३० ऑगस्ट २०१७ रोजी या उपचाराला ‘किमरिया’ या नावाने मान्यता दिली. नोव्हार्टिस कंपनीने किंमत ठेवली ४,७५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने तीन कोटी रुपये. रुग्णालयाचा खर्च वेगळा.

ही किंमत कशातून येते, ते पाहिल्याशिवाय पुढची मुंबईची गोष्ट उलगडत नाही. सुरुवात ॲफेरेसिसने होते. रुग्णाचे रक्त एका शिरेतून यंत्रात जाते, यंत्र गरागरा फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी बाजूला काढते आणि उरलेले रक्त दुसऱ्या शिरेतून परत देते. तीन-चार तास जातात. त्या पेशींतून टी-पेशी निवडून त्यांना सूक्ष्म मण्यांच्या सहवासात ठेवतात. मण्यांवर असे रेणू बसवलेले असतात की टी-पेशीला शत्रू भेटल्याचा भास होतो आणि ती जागी होऊन विभागू लागते. याच वेळी नवे जनुक आत सोडायचे असते.

जनुक पोचवण्याचे काम बहुधा लेंटिव्हायरस करतो. या विषाणूचा मूळपुरुष एचआयव्ही. पेशीच्या केंद्रकात शिरून आपला मजकूर तिच्या डीएनएत कायमचा चिकटवण्याचे कसब त्याच्यापाशी आहे, आणि हव्या असलेल्या गोष्टीही त्याच दोन. म्हणून त्याची स्वतःची जनुके काढून टाकतात, आवश्यक भाग वेगवेगळ्या डीएनए-तुकड्यांत विभागून ठेवतात आणि आत कारचे जनुक भरतात. असा विषाणू एकदाच पेशीत शिरतो. स्वतःच्या प्रती काढू शकत नाही. तो मोठ्या प्रमाणावर, शुद्ध स्वरूपात बनवणे हा सगळ्या खर्चातला एक जबर भाग. जगात तो बनवणाऱ्या जागा मोजक्या, त्यांच्याकडची रांग लांब आणि दर त्याहून लांब.

यानंतर आठ-दहा दिवस पेशी पोषक द्रवात वाढतात. हवा गाळून घेतलेल्या स्वच्छ खोल्या, पायापासून डोक्यापर्यंत झाकलेले तंत्रज्ञ, प्रत्येक पायरीची नोंद. शेवटी तपासण्या: जंतू आहेत का, जिवंत पेशी किती, त्यातल्या कितींवर कार बसला, विषाणू कुठे पुन्हा जागा तर झाला नाही ना. पॅरासिटामॉलच्या लाखो गोळ्यांच्या एका घाण्याची तपासणी एकदाच होते आणि तिचा खर्च लाखो गोळ्यांवर वाटला जातो. इथे एक रुग्ण म्हणजे एक घाणा. नंदुरबारच्या मुलाच्या पेशी नागपूरच्या मुलीला चालत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी सगळे पहिल्यापासून. तयार कपड्यांच्या दुकानात आणि मापाने शिवणाऱ्या शिंप्याकडे जो फरक असतो तो इथे कोटींच्या घरात जातो. शिवलेला माल शेवटी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून रुग्णालयाकडे रवाना होतो.

रुग्णाला पेशी देण्याआधी तीनेक दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही केमोथेरपी देतात. कर्करोग मारणे हा तिचा मुख्य हेतू नसतो. शरीरातल्या जुन्या टी-पेशी कमी केल्या की नव्यांना जागा आणि खाद्य मिळते. शेतात पेरणीपूर्वी तण काढावे तसे.

मुंबईत या कामाला योग्य अशी जमीन आधीपासून होती. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा रोपण केले. दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या कर्करोगाशी लढावे, हे तत्त्व तिथल्या डॉक्टरांना कित्येक दशके परिचयाचे होते. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन परिसरात पुढे रोपणाचा विभाग गेला. दुसरीकडे पवईच्या आयआयटीत जैवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात प्रा. राहुल पुरवार २०१३ च्या सुमारास अमेरिकेतून परतून रुजू झाले. टी-पेशी हा त्यांचा विषय. अभियंत्यांच्या संस्थेत जनुक बदलणारी प्रयोगशाळा आणि तिच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर देशातल्या सर्वांत मोठ्या कर्करोग रुग्णालयाचा खारघरचा परिसर. दोघांमध्ये फक्त ठाण्याची खाडी. हे अंतर नकाशावर छोटे दिसले तरी भारतात ते क्वचितच कोणी ओलांडलेले आहे. संशोधक शोधनिबंध लिहून मोकळे होतात, डॉक्टर बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत बुडालेले असतात आणि मधल्या कामाला दोघांच्याही बढतीच्या तक्त्यात रकाना नसतो.

पुरवार यांच्या गटाने अमेरिकी कार जसाच्या तसा उचलला नाही. किमरियातला पकडणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला आहे. माणसाचे शरीर त्याला परके समजून नव्या पेशींवरच उलटू शकते. अलका द्विवेदी, अथर्व करुळकर आणि सहकाऱ्यांनी तो भाग मानवी प्रतिपिंडाच्या साच्यात बसवला. शत्रू पकडणारी बोटे तेवढी तशीच ठेवली, पंजा मानवी केला. प्रयोगशाळेत आणि उंदरांत या पेशी कर्करोग तितक्याच नेटाने मारत होत्या, पण सायटोकाइन कमी सोडत होत्या, असे त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. सायटोकाइनचे वादळ कमी म्हणजे अतिदक्षता विभागातले दिवस कमी, आणि भारतात हे दिवसच उपचाराची खरी किंमत ठरवतात. त्यामुळे रेणूतला हा बदल एका अर्थी आर्थिकही होता.

दरम्यान २०१८ मध्ये आयआयटीच्या उद्योगसंवर्धन केंद्रात इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅक या संस्थेने पहिल्या मानवी चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपये दिले. टाटाच्या बाजूने बालकर्करोगाचे डॉ. गौरव नरुला आणि प्रौढांसाठी डॉ. हसमुख जैन यांनी चाचण्यांची धुरा घेतली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. निराली शाह यांच्यासारख्या तज्ज्ञांचा सल्ला मिळाला. पहिल्या रुग्णाला ॲक्ट्रेकच्या रोपण विभागात पेशी दिल्या गेल्या ४ जून २०२१ रोजी. कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली आहे अशा रुग्णांवर तिची आणखी छाटणी करणारा उपचार अशा दिवसांत सुरू करणे सोपे नसणार.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ या नावाने या उपचाराला विक्रीची परवानगी दिली. भारतात विकसित झालेला हा पहिला कार-टी. ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे औपचारिक लोकार्पण झाले. तेव्हा किंमत चाळीस लाखांच्या आसपास होती, म्हणजे डॉलरच्या २०२४ मधल्या दराने अमेरिकी किमतीचा साधारण दहावा हिस्सा. ही घट कुठल्या एका जादूने झालेली नाही. विषाणू घरीच बनवला, परदेशी कंपनीचे परवानाशुल्क टाळले, पेशी वाढवण्याची पद्धत स्वतः बसवली आणि इथले मनुष्यबळ वापरले. प्रत्येक पायरीवर थोडे थोडे वाचत गेले. पूर्ण नवी कल्पना नसतानाही मोठे काम कसे होते याचा हा नमुना आहे, आणि ‘हे तर अमेरिकेत आधीच झाले होते’ असे म्हणून त्याची किंमत कमी करणाऱ्यांनी एकदा त्या पायऱ्या मोजाव्यात.

पुढे बेंगळुरूच्या इम्युनील कंपनीने दुसरी वाट धरली. किरण मजुमदार-शॉ आणि कर्करोगतज्ज्ञ-लेखक सिद्धार्थ मुखर्जी यांचा सहभाग असलेल्या या कंपनीने बार्सिलोनाच्या हॉस्पिटल क्लिनिकमध्ये विकसित झालेला कार परवाना घेऊन आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘कार्टेमी’ नावाने बाजारात उतरवला. स्पेनमधली ती निर्मितीही एका सार्वजनिक रुग्णालयाची आहे.

नेक्सकार१९ च्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले. एकूण ६४ रुग्ण, सगळे असे की ज्यांच्यावर आधीचे उपचार निष्फळ ठरलेले. परिणाम तपासता आलेल्या ५१ जणांपैकी सुमारे ७३ टक्क्यांचा रोग हटला किंवा लक्षणीय कमी झाला. तीव्र सायटोकाइन वादळ थोड्यांनाच आले. रक्तपेशी घटण्याचा त्रास मात्र जवळजवळ सर्वांना झाला आणि उपचाराशी संबंधित मृत्यूही घडले. ७३ टक्के या आकड्याचे वर्तमानपत्रांत मथळे झाले. त्याच निबंधातली दुसरी बाजू तितकी गाजली नाही: सरासरी रुग्णाच्या बाबतीत रोग पुन्हा बळावण्याआधीचा काळ काही महिन्यांचाच होता. ज्यांच्यात रोगाचा मागमूस उरला नाही अशांपैकी काहींना दीर्घ आयुष्य मिळते, पण तो गट पहिल्या आकड्याहून लहान आहे. उलटलेला ल्युकेमिया एरवी किती वेगाने नेतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे महिनेही थोडे वाटणार नाहीत. तरीही ‘कर्करोगावर रामबाण’ ही भाषा इथे लागू होत नाही.

रोग परततो तो मुख्यतः दोन कारणांनी. एक तर कर्करोगाच्या पेशी सीडी१९ हे प्रथिन पृष्ठभागावरून काढूनच टाकतात. पोलीस लाल सदऱ्याच्या मागावर आहेत म्हटल्यावर सदरा बदलावा तसे. किंवा टी-पेशी दमतात. आधीच्या केमोथेरपीने रापलेल्या रुग्णाच्या टी-पेशी मुळातच अशक्त असतात, आणि भारतात बहुतेक रुग्ण कार-टीपर्यंत पोचतात तेव्हा दोन-तीन प्रकारच्या औषधांतून गेलेले असतात. त्यामुळे हा उपचार आधीच्या टप्प्यावर द्यावा असा विचार बळावतो आहे. पैशाचा प्रश्न त्याच्या आड येतो.

चाळीस लाख हा आकडा तीन कोटींच्या शेजारी लहान आणि बहुतेक घरांच्या शेजारी अशक्य आहे. आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाख. खाजगी विमाधारकांतही फार थोड्यांची रक्कम चाळीस लाखांची असते. त्यात पेशी दिल्यावर रुग्णाला काही आठवडे रुग्णालयाच्या जवळपास राहावे लागते, कारण ताप किंवा भ्रम कधी सुरू होईल सांगता येत नाही. गडचिरोलीहून किंवा जालन्याहून आलेल्या कुटुंबासाठी मुंबईत महिनाभर राहणे हाच एक वेगळा खर्च. टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर मुक्काम केलेली कुटुंबे किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो समजावा लागत नाही. उत्पादन वाढले, एका वेळी अनेक रुग्णांच्या पेशी बंद यंत्रांतून वाढवता आल्या तर किंमत आणखी उतरेल, अशी उत्पादकांची धारणा आहे. त्या दिशेने यंत्रेही येत आहेत.

जगात याच काळात कार-टी रक्ताच्या आणखी एका कर्करोगात स्थिरावला. मल्टिपल मायलोमात बीसीएमए या प्रथिनावर नजर ठेवणाऱ्या पेशी वापरतात. ‘सिल्टा-सेल’ या उपचाराच्या चाचणीतल्या ९७ रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश पाच वर्षांनंतरही रोगाने उचल न खाता जगत असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. त्या रुग्णांचे आधीचे उपचार संपत आलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

त्याहून अनपेक्षित बातमी जर्मनीतल्या एर्लांगनहून आली. ल्युपस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते आणि त्यात बी-पेशींचा मोठा हात असतो. गेओर्ग शेट यांच्या गटाने विचार केला की सीडी१९ असलेल्या बी-पेशी मुळातूनच पुसून टाकल्या तर. उपचार मिळालेल्या पंधरा रुग्णांचा अहवाल त्यांनी २०२४ मध्ये मांडला. त्यात ल्युपसबरोबर स्नायूंचा आणि त्वचा कडक होण्याचा स्वप्रतिकार आजार असलेलेही होते. सर्वांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद करता आली. काही महिन्यांनी बी-पेशी पुन्हा आल्या, त्या जुन्या खुन्नसीशिवाय. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा तसे काहीसे, अशी उपमा या क्षेत्रात आता रूढ झाली आहे. संख्या लहान आहे, मोठ्या चाचण्या सुरू आहेत.

स्तन, फुफ्फुस, तोंड अशा घट्ट गाठींच्या कर्करोगात मात्र कार-टीची गाडी अडखळते. भारतात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण पाहता ही गोष्ट जास्त बोचते. गाठीतल्या सगळ्या पेशींवर सारखे प्रथिन नसते. जे असते ते निरोगी अवयवांवरही असते. आणि गाठीच्या आत प्राणवायू कमी, आम्लता जास्त आणि टी-पेशींना झोपवणारी रसायने भरपूर. रक्तात पोहणारा शत्रू पकडणे आणि तटबंदीच्या आत शिरणे यातला हा फरक आहे. जठराच्या कर्करोगात क्लॉडिन १८.२ या प्रथिनावर चीनमध्ये झालेल्या प्रयोगांतून पहिली ठोस आशा दिसली आहे.

मापाने शिवण्याची कटकटच टाळण्याचाही प्रयत्न चालू आहे. प्रयोगशाळेत पेशी नेण्याऐवजी कारचा मजकूर थेट शरीरात पाठवायचा आणि टी-पेशींना जागच्या जागी बदलायचे. त्यासाठी टी-पेशीच शोधून काढणारे विषाणू, किंवा कोरोना लशींत वापरलेल्या स्निग्ध कणांसारखे सूक्ष्म कण वापरतात. चीनमधील डॉक्टरांनी मायलोमाच्या चार रुग्णांवर केलेल्या अशा उपचाराचे पहिले अनुभव २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. हे साधले तर ॲफेरेसिस, स्वच्छ खोली, गोठवणे, वाट पाहणे यातले बरेचसे गळून पडेल, आणि तेव्हाच्या किमतीचा हिशेब पूर्ण वेगळा असेल. पण प्रयोगशाळेत बदललेली पेशी परत देण्याआधी तपासता येते. शरीरात बदललेली पेशी तशी हाती येत नाही.

ही काळजी निराधार नाही. विषाणू आपला मजकूर डीएनएत कुठे चिकटवेल यावर पूर्ण नियंत्रण नसते. चुकीच्या जागी चिकटला तर तीच पेशी कर्करोगाकडे वळू शकते. कार-टी घेतलेल्या काही रुग्णांत टी-पेशींचा नवा कर्करोग आढळल्यावर अमेरिकी प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये या सर्व औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. तेव्हा तिथे २७,००० हून अधिक मात्रा दिल्या गेल्या होत्या आणि अशी प्रकरणे होती २२. ज्यांचा रोग महिन्यांत जीव घेणार होता त्यांच्यासाठी हा धोका पत्करण्याजोगा आहे, यावर बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे. ल्युपसच्या पंचविशीतल्या रुग्णाला तोच हिशेब वेगळा मांडावा लागेल.

म्हणून जनुकबदल केलेल्या पेशी घेतलेल्यांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवावे, असे अमेरिकी नियम सांगतात. त्याच हिशेबाने पाहिले तर खारघरला जून २०२१ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या चाचणीच्या नोंदवह्या निदान २०३६ पर्यंत उघड्या ठेवाव्या लागतील.